ताईला दुसरा स्क्रीन दिसला नाही

दोन महिने मी मॉनिटरशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. मुंबईतल्या एका प्रकाशकासाठी मी पुस्तकांची पानं लावते. मजकूर, चित्रं, तळटिपा सगळं जागच्या जागी बसवायचं काम. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी खोली सोडून तलासरीजवळच्या आमच्या गावी, ताईकडे राहायला आले. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यापासून घर तीच बघते, आणि शेजारच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे.

लॅपटॉपवर वाकून माझी मान धरायची आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. म्हणून दोन मॉनिटर घ्यायचे ठरवले. एकावर पान, दुसऱ्यावर मूळ मजकूर. मग मी वाचायला लागले. कुठला पडदा डोळ्यांना कमी त्रास देतो, कशावर प्रकाश लुकलुकतो, चकचकीत काच बरी की बिनचकाकीची, डोळे आणि पडदा यांत किती अंतर हवं. पुठ्ठ्याचे तुकडे मापाने कापून भिंतीला चिकटवले, एक चोवीस इंची, एक सत्तावीस इंची, आणि खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. ताई भाकरी करता करता माझं सगळं ऐकून घ्यायची.

त्याच दिवसांत घरात काही गोष्टी घडत होत्या. ताईने माझ्या टेबलावर दोनदा चहा सांडला. दुसऱ्यांदा एका पुस्तकाची तपासलेली पानं भिजली आणि मी तिच्यावर ओरडले, "समोर कप ठेवलाय, दिसत नाही का?" ती फडकं घेऊन आली आणि पुसत बसली. कपाटाचं उघडं दार कपाळाला लागून तिला टेंगूळ आलं, तेव्हा मी म्हणाले, "बघून चाल ना जरा." स्कूटर तिने अंगणात झाकून ठेवली होती आणि पाड्यावर चालत जायला लागली होती. मी तिला आळशी म्हणून चिडवलं. चालणाऱ्या माणसाला आळशी कसं म्हणता येईल, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

आणि तिने मला सांगितलंही होतं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मला हल्ली कडेचं नीट दिसत नाही गं." मी मोबाइलवर दोन मॉनिटरांची तुलना वाचत होते. मान वर न करता मी सांगितलं, "मोबाइलचा ब्राइटनेस कमी कर. अंगणवाडीची माहिती भरताना तू फार जवळ धरतेस तो." ती "बरं" म्हणाली.

शेवटी डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका दुकानात जायचं ठरलं. खोकी दोन असणार म्हणून ताईला बरोबर घेतलं. ती रजा टाकून आली. दुकानदार गुजराती, साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी कंटाळा न करता दोन मॉनिटर काउंटरवर शेजारी शेजारी मांडून जोडून दिले. मी खुर्चीत बसले, पानं उघडली, अक्षरं लहान-मोठी करून पाहिली, रंग पाहिले, शंभर प्रश्न विचारले. ताई मागे स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती.

"बेन, तुम्ही पण बसा ना," दुकानदार तिला म्हणाले. "घरात दोघी बघणार."

ताई लाजत खुर्चीत बसली. त्यांनी माऊस हलवून बाण डाव्या पडद्यावर फिरवला, मग सरकवत उजव्या पडद्यावर नेला. "आता कुठे गेला बाण?"

ताई डाव्या पडद्याकडे बघत राहिली. "गेला की."

"कुठे गेला?"

"दिसत नाही."

मला हसू आलं. "ताई, अख्खा सत्तावीस इंची पडदा आहे तुझ्या बाजूला."

तिने पूर्ण मान वळवली आणि म्हणाली, "हा इथे आहे होय." माझं हसणं ऐकून तीही थोडं हसली. ते हसणं मला अजून आठवतं, कारण तिने ते मला बरं वाटावं म्हणून केलं होतं.

दुकानदार हसले नाहीत. ते काउंटरच्या बाहेर आले, तिच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. मान नाही हलवायची." त्यांनी आपला हात तिच्या कानापासून थोडा दूर धरून बोटं हलवली. "काय दिसतं?" ताई म्हणाली, "कॅलेंडर." त्यांनी हात पुढे आणला, आणखी पुढे आणला. जवळजवळ नाकासमोर आल्यावर ती म्हणाली, "हां, बोटं."

ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांना असंच होतं. यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवा. लवकर दाखवा."

मला राग आला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला असं कोणी सांगतं का, असं वाटलं. मी म्हणाले, "ती दमलीये. सकाळपासून उन्हात आहोत." आणि त्यांना विचारलं की, या मॉनिटरबरोबर उंची कमी-जास्त करायचा स्टँड येतो का. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि स्टँड दाखवला.

दोन्ही मॉनिटर घेऊनच आम्ही परतलो. एसटीत ताईने एक खोकं मांडीवर घेतलं, एक मी. उतरताना ती पायरीवर अडखळली, तेव्हा मी आधी खोकं धरलं. तिला मागच्या एका बाईने धरलं.

उद्या जाऊ डॉक्टरकडे, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मॉनिटर बसवायचे होते. नंतर एक पुस्तक छपाईला जायचं होतं, नंतर दुसरं. तीन आठवडे गेले. दुकानदारांची हललेली बोटं मला रोज आठवायची आणि मी रोज ती बाजूला सारायचे. विसरले असते तर निदान तसं म्हणता आलं असतं. मी विसरले नव्हते.

मग एका सकाळी पाड्यावरच्या अंगणवाडीची मदतनीस सांगत आली की, ताई एका रांगत्या बाळाच्या अंगावर पडता पडता वाचली. बाळाला काही झालं नव्हतं. ताईचा गुडघा फुटला होता. त्या दिवशी मी काम बंद केलं आणि तिला वापीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर ठेवला. त्यावर मध्ये थोडी पांढरी जागा आणि भोवती सगळा काळा भाग होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची, असं त्यांनी सांगितलं. त्रास कधीपासून आहे, असं विचारल्यावर ताई गुजरातीत म्हणाली, दीड वर्ष तरी झालं असेल. मी त्यांना तीन आठवड्यांचं विचारलं. तेवढ्याने फारसा फरक पडला नसेल, ते म्हणाले. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि ताई शेजारी बसलेली असताना मला हायसं वाटावं याची लाजही वाटली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "एकटी का नाही गेलीस गं दाखवायला?"

"नोकरी जाईल असं वाटलं," ती म्हणाली. "आणि तुला सांगितलं होतं. तू डोळ्यांचंच वाचत असायचीस ना. मला वाटलं, काही असतं तर तू सांगितलं असतंस."

मी माफी मागायला लागले. तिने माझा हात हातात घेतला नाही. "आता नको," म्हणाली, "भूक लागलीये." आम्ही समोरच्या हॉटेलात जाऊन पोहे खाल्ले. ती खाली बघून, सावकाश, बशीतला एक एक भाग शोधत खात होती. असं ती किती महिने जेवत होती, कोण जाणे. आम्ही रोज समोरासमोर बसून जेवायचो.

ताईची नोकरी गेली नाही. सकाळी मी तिला पाड्यावर सोडते, दुपारी आणते, आणि मोबाइलवरची मुलांची वजनं ती सांगते तशी मी भरते. थेंब सकाळ-संध्याकाळ मी घालते. तिची नजर आहे तेवढीच आहे. ती माझ्यावर कधी ओरडली नाही, पण आता काही दुखलं-खुपलं तर मला सांगत नाही, मदतनिशीला सांगते. मला ते मदतनिशीकडूनच कळतं.

गावातल्या बायका वाटेत भेटतात. मला ताईचा हात धरून चालताना बघून म्हणतात, बहीण असावी तर अशी, नाहीतर आजकाल कोण कोणासाठी एवढं करतं. मी नुसती मान डोलावते आणि तिला घेऊन पुढे जाते.