बाजूच्या सीटवरची तूर

पांढरकवड्याच्या हायवेवर गॅरेजले चिटकून स्पेअर पार्टचं दुकान असलं का माणसाले किस्से शोधाले जा लागत नाही. ते आपल्या पायानं येतात, बाकड्यावर बसतात, चहा पेतात अन जाताना आपलं दुखणं इथंच ठेवून जातात. माह्या दुकानात अन रहीम उस्तादच्या गॅरेजात एकच भिंत हाय, तीबी अर्धी. तिकडं कोणी बोललं का इकडं आपोआप ऐकू येते. लोक म्हणतात, विलास कान लावून ऐकते. मी म्हणतो, भिंत पूर्ण बांधून द्या, नाही ऐकत.

हे सगळे किस्से शॉकअपचे हायेत. आमच्याकडं तसं ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं येते. पण जंगलाच्या अंगाले एक रिसॉर्ट निघालं अन तिथं दोन बग्ग्या आल्या. चार मोठाले चाकं, वरून पाइपाचा पिंजरा, मागं सामानाचा छोटा डाला, अन ड्रायव्हरच्या बाजूले एकच सीट. कंपनी तिले साइड बाय साइड म्हणते. मोटरसायकलवानी मागं नाही, बाजूले बसाचं, म्हणून. टुरिस्ट लोकाले टेकडीवरच्या गोट्याच्या वाटेनं फिरवाले आणलेल्या. उस्तादनं पहिल्यांदा पाह्यली अन म्हणे, "दरवाजा नाही, काच नाही, छत नाही. चोरानं अर्धी सोडलेली दिसते."

*

रिसॉर्टच्या शेठले बग्गी उंच पाहिजे होती. नागपूरच्या मित्राची उंच होती, म्हणून याची त्याहून उंच. उस्तादनं सांगतलं का शेठ, उंच केली तं उतारावर कलंडंल. शेठ ऐकते का. लांब शॉकअप मागवले, कडक स्प्रिंग टाकले, गाडी वीतभर वर उचलली. शेठ तिच्या चारही बाजूनं फिरून खुश झाला.

आठवडाभरात बग्गी टेकडीवर आडवी. शेठच्या गळ्याचं हाड मोडलं. आम्ही दवाखान्यात पाहाले गेलो, तं हा पट्ट्यानं बांधून पडलेला. उस्ताद हळूच म्हणे, "शेठ, आता खाली करू ना?"

शेठनं थोडा विचार केला अन विचारलं, "आडवी पडली तवा मित्राच्या गाडीहून उंच दिसत होती का?"

*

उस्तादचा एक नियम हाय. तो नियम फुकटात नाही आला.

पुसदकडच्या एका बागायतदारानं तसलीच बग्गी घेतली. बाजूले त्याचा म्हातारा बाप बसे. उस्तादनं फोनवर म्हाताऱ्याचं वजन विचारलं अन त्या हिशोबानं नरम स्प्रिंग टाकून देल्ले. मी तवाच म्हटलं होतं का माणूस आपलं वजन कमी सांगते अन कापसाचं जास्त. पण माहं कोण ऐकते. पहिल्याच नाल्यात शॉकअप पार बुडाले टेकला अन तो दणका सरळ म्हाताऱ्याच्या मणक्यात गेला. त्याच्यानंतर तो माणूस सरळ बसला नाही.

उस्ताद माफी मांगाले पुसदले गेलता. मी संगं होतो. रस्ताभर हा एक शब्द बोलला नाही, अन हा माणूस झोपेतबी बोलते. म्हाताऱ्यानं खाटेवरूनच त्याचा हात धरला. म्हणे, "तुहं काम बरोबर होतं रे बाबू. माहं वजन खोटं होतं."

तवापासून नियम: बाजूले बसणारा आणल्याबिगर स्प्रिंग बसवणार नाही. गाडी आली का उस्तादचा पहिला सवाल, "बाजूले कोण बसते?" जो बसते त्याले सीटवर बसवाचं, गाडी किती दबते ते पट्टीनं मोजाचं, मंगच पाना हातात घ्याचा.

*

एका पाटलानं कुत्रा आणला. बाजूले हाच बसते म्हणे. कुत्रा हलला का माप हले. उस्तादनं अर्धा पुडा बिस्किट चारून त्याले बसवलं अन माप घेतलं. मी पाटलाले म्हटलं, घरच्यालेबी एकदा विचारा, त्या नाही का बसत? पाटील म्हणे, कायले?

आजबी पाटलीणबाई बसली का ती गाडी डावीकडं वाकून चालते.

*

मंग रिसॉर्ट बंद पडलं. शेठ नागपूरले गेला. जाताना एक बग्गी संगं नेली अन दुसरी, जी पडली होती, ती मारोतीभौले देऊन टाकली. मारोतीभौ तिथं ड्रायव्हर. टुरिस्टाले फिरवणारा तोच. त्याचं गाव नाल्याच्या पल्याड, टेकडीच्या मागं. अँब्युलन्स डांबरीवर थांबते, पुढं येत नाही. तिथून गावापर्यंत नुसते गोटे.

एक दिवस तो बग्गी घेऊन आला. एकटाच.

"उस्ताद, नरम करून पाहिजे. लय नरम."

"बाजूले कोण बसते?"

"बायको."

"मंग घेऊन ये तिले."

मारोतीभौ तसा कमी बोलणारा माणूस. त्यानं सांगतलं का गिरजाबाईले सिकल हाय. रक्ताचं दुखणं, जन्मापासूनचं. मधूनमधून हाडाहाडात कळा उठतात, अन आता खुब्याचं हाडबी झिजलं. दवाखान्यात न्याचं म्हटलं का ती दुखण्याले भेत नाही, वाटेले भेते. एकेका गोट्यावर वरडते. मागच्या वेळी तं अर्ध्या वाटेत म्हणे, मले इथंच उतरवून दे.

उस्ताद म्हणे, "ते समजलं. पण बसणाऱ्याबिगर मी स्प्रिंग बसवत नाही."

"तिले आणाले गाडी नरम पाहिजे," मारोतीभौ म्हणे. "अन गाडी नरम कराले तुमाले ती पाहिजे. मी पहिले काय आणू?"

उस्ताद बग्गीभोवती एक चक्कर मारून आला.

दुसऱ्या दिवशी मारोतीभौ परत आला. बाजूच्या सीटवर पोतं. सीटबेल्ट लावलेलं.

"घरची तूर हाय," म्हणे. "तिच्या वजनाची. मोजून आणली."

*

आता कोणते शॉकअप टाकाचे यावर आमची दोघाची जुंपली. मी म्हटलं, सगळ्यात भारी मागवू, ज्याले फिरवाची बटणं असतात. उस्तादलेबी तेच पाहिजे होते, भारी सामान पाह्यलं का त्याचे डोळे चमकतात. मागवले. कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या नाल्यात ट्रायल घेतली. मारोतीभौ चालवून राह्यला, बाजूले तूर, अन आम्ही दोघं मागच्या डाल्यात उभे, पाइप धरून.

ते शॉकअप उड्या मारणाऱ्यासाठी बनवलेले. जोरात पळवा, उडवा, तिथं एक नंबर. पण हळू चालवली का हरेक गोटा जसाच्या तसा वर. बटण सगळीकडं फिरवून पाह्यलं. नाल्याच्या मधोमध पोत्याची शिवण उसवली अन तूर खाली सांडली.

गाडी थांबली. जे पोत्याचं झालं ते कोणाचं झालं असतं, ते तिघालेबी समजत होतं.

मारोतीभौ खाली बसून दाणे वेचू लागला. मी म्हटलं, राहू दे ना भौ, मूठभर तं हाय. त्यानं मान वर नाही केली. म्हणे, "कमी नाही झाली पाहिजे. तिचं माप हाय ते."

मंग आम्हीबी वेचाले बसलो.

*

भारी शॉकअप परत पाठवले. उस्तादनं नुसते नरम स्प्रिंग लावून पाह्यले, तं नाल्यात गाडी बुडाले टेकली अन त्याले पुसदचा म्हातारा आठवला. शेवटी एकावर एक दोन स्प्रिंग चढवले, वरचं नरम, खालचं कडक. लहान गोटा वरच्यानं गिळाचा, खड्डा आला का खालच्यानं धराचं. मंग दोन्ही चाकं जोडणारा बार काढून टाकला, म्हणजे एका चाकाचा धक्का दुसऱ्याले जाणार नाही. टायरातली हवा उतरवली. वळणावर गाडी झुलाले लागली. मारोतीभौ म्हणे झुलू द्या, मी हळू चालवीन.

ट्रायलले तूर नेली. पोतं हललंबी नाही. उस्ताद मोठ्या ऐटीत म्हणे, "जा, आता तुह्या बाईले विचार."

चार दिवसानं मारोतीभौ निरोप घेऊन आला. "ती म्हणते, नाल्यापर्यंत बरं हाय. नाल्याच्या पुढं पहिल्यासारखंच."

उस्तादचं तोंड पाहासारखं झालतं. तीस वर्षं झाले पाना धरून, अन बाईनं त्याले न पाह्यताच नापास केला. बोलत बोलतच पुन्हा गाडीखाली घुसला. मंग आठ-पंधरा दिवसानं निरोप येत राह्यले. "मागचं डावं चाक उशिरा खाली येते." "चढावर बरं, उतारावर खुब्यात लागते." उस्ताद चिडे, बडबड करे, अन ती जे सांगे ते करे. कारण ते बरोबर निघे.

*

नागपूरची पोरं आलती एकदा. त्याइच्याकडं चमकणारी नवी बग्गी. नाल्यावरून उडवाची होती, त्याचा व्हिडिओ काढाचा होता. आमच्याकडं मारोतीभौची गाडी उभी, सीटवर पोतं, पोत्याले बेल्ट. एकानं मोबाइल काढला अन हसत हसत शूट करू लागला. "चाचा, ये बोरे में कौन है?"

उस्ताद जागेवरून उठला, मोबाइलवर हात ठेवला अन म्हणे, "सवारी."

त्या पोराइची गाडी त्यानं त्या दिवशी हातात घेतली नाही.

*

गिरजाबाईले मी एकदाच पाह्यलं. यवतमाळच्या दवाखान्यातून परत येताना मारोतीभौनं बग्गी गॅरेजपुढं थांबवली. लहानशी बाई, डोक्यावर पदर, चेहरा पिवळा. उतरली नाही. उस्ताद हात पुसत पुढं गेला.

"तुमीच का उस्ताद?"

"हो बाई."

"माह्या जागी तूर बसवता म्हणे."

उस्ताद लाजला. या माणसाले लाजताना मी पहिल्यांदा पाह्यलं.

"तिले चहा तरी पाजला का कधी?" ती म्हणे. "मले घरी येऊन सांगते, तूर आज मजेत होती, तूर काही बोलली नाही. मी बोलते म्हणून माहं नाव वाईट."

आम्ही सगळे हसलो. मारोतीभौबी हसला. मी चहा सांगतला, तिनं दोन घोट घेतले अन कप उस्तादच्या हातात देला. म्हणे, "आता वाटेचं भेव नाही लागत. एवढं तुमाले सांगाचं होतं."

उस्ताद तो कप घेऊन उभा राह्यला, गाडी वळणाच्या पुढं जाईपर्यंत.

*

पावसाळ्याच्या आधी मारोतीभौ आला अन म्हणे, "थोडं अजून नरम करा. गाडी टणटण उडते."

उस्ताद म्हणे, "काहून? तेच स्प्रिंग, तेच माप."

मारोतीभौनं पोत्याकडं बोट दाखवलं. पोत्याचं तोंड पहिल्यापेक्षा खाली बांधलं होतं. "थोडी काढली."

उस्तादनं पट्टी लावली, माप घेतलं, स्प्रिंग सैल केले. पोळ्याच्या आसपास तो परत आला. पोतं अजून खाली बांधलेलं. आता ते सीटवर उभं राहत नव्हतं, बेल्टातून खाली घसरे. उस्तादनं त्याच्यामागं आपल्या गादीची उशी लावली अन मंग माप घेतलं.

तो गेल्यावर उस्ताद माह्याकडं बाकड्यावर येऊन बसला. म्हणे, "विलासभौ, जितकं माणूस हलकं, तितका धक्का जास्त. याच्याहून नरम स्प्रिंग बजारात भेटत नाही."

मी म्हटलं, मुंबईले विचारतो, पुण्याले विचारतो. विचारलंबी. नाही भेटलं. मले तवा लय वाईट वाटलं. आयुष्यभर स्पेअर पार्ट इकले, अन नाही हा शब्द त्या दिवशीसारखा कधी बोला लागला नाही.

*

दिवाळी झाली. वेचणी जोरात होती, हायवेवर कापसाच्या गाड्याइची रांग. उस्ताद एका जीपखाली पाठीवर पडलेला, नुसते पाय बाहेर. बग्गी येऊन थांबली. आवाजावरूनच त्यानं ओळखली.

"आला का मारोती. काय म्हणते आता आमची मास्तरीण?"

मारोतीभौ खाली उतरला. म्हणे, "उस्ताद, शेठच्या वेळचे ते कडक स्प्रिंग तुमच्यापाशीच हायेत ना? ते परत चढवून द्या. कापूस वाहाचा हाय."

खालून आवाज आला, "चढवतो. पण पहिले पोतं बसव सीटवर, माप घेऊ दे."

"पोतं नाही आणलं."

"काहून? तुले नियम माहीत हाय ना आमचा?"

मी भिंतीवरून पाह्यलं. बाजूच्या सीटवर बेल्ट लावलेला होता. मोकळ्या सीटवर, नुसताच.

जीपखालचा पाना थांबला. उस्ताद हळूहळू बाहेर आला, उठला नाही, तिथंच बसून राह्यला. तिथूनच त्यानं विचारलं, "तूर?"

"तेरवीले वरण लागलं ना," मारोतीभौ म्हणे. "त्याच तुरीचं केलं. सगळे म्हणत होते, चांगली शिजली."