जोडाक्षरं तपासून घ्यावीत

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या शामला टेंबे यांना नोकरीतले ते दिवस आठवले, की डोळ्यांपुढे येते ती नई सडकेवरच्या सायबर कॅफेची अरुंद खोली. त्या आणि मधुसूदन मुळे एकाच सरकारी कचेरीत, संगणक विभागात होते. कचेरी सुटली की दोघं तिथं जाऊन बसत.

मधुभाऊंनी एक छोटा प्रोग्राम केला होता. तेव्हा एका देवनागरी फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. हा प्रोग्राम तो मजकूर नीट बदलून द्यायचा. मधुभाऊंनी तो ओपन-सोर्स केला. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा सुधारावा. असे प्रोग्राम गोळा करून जगभर वाटणारी स्वयंसेवक मंडळी होती. त्यांच्याकडे तो पाठवला, तर उत्तर आलं: प्रोग्राम ठीक आहे, वर्णन बदला.

वर्णनात मधुभाऊंनी लिहिलं होतं, ‘अत्यंत सोपा, अप्रतिम, क्रांतिकारी.’

“यात काय गलत आहे?” त्यांनी विचारलं.

“हा करतो काय, ते कुठं कळतं?” शामलाताई म्हणाल्या. “स्थळ सांगताना नुसतं ‘सुंदर, सुस्वभावी’ म्हटल्यासारखं झालं. शिक्षण सांगा, उंची सांगा.”

मग त्यांनीच लिहायला घेतलं. कोणत्या फॉन्टातून कोणत्या फॉन्टात, फाइल कशी द्यायची. आणि शेवटी: ‘काही जोडाक्षरं तुटतात; तपासून घ्यावीत.’

मधुभाऊंचा चेहरा उतरला. “आपले दोष आपणच जगाला सांगायचे?”

“आहे ते आहे, मधुभाऊ. घेणाऱ्याचं काम अडायला नको.”

पुढे काही दिवस ते चहालाही बोलावेनात. मग एका दुपारी आपणहून टेबलापाशी आले. “पाठवून द्या, तुमचंवालं.”

वर्णन मंजूर झालं. शामलाताईंना त्यात गोडी लागली. इतरांच्या प्रोग्रामांची फुगलेली वर्णनंही त्या साधी करून पाठवू लागल्या.

अशात २००० साली राज्याची वाटणी झाली. छत्तीसगड वेगळं निघालं, तशी माणसंही वाटली गेली. मधुभाऊंच्या वाट्याला रायपूर आलं. जन्मात ग्वाल्हेर न सोडलेला माणूस, स्टेशनावर एवढंच म्हणाला, “प्रोग्रामचं आता तुम्हीच बघा.”

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा फोन आला. नव्या कचेरीत कर्मचाऱ्यांची नावं जुन्या फॉन्टातून नव्यात आणायची होती. साहेबांनी नेमका हाच प्रोग्राम शोधला, वर्णन वाचलं आणि नावं तपासायला मधुभाऊंनाच बसवलं.

“सगळे श्रीवास्तव तुटले होते, शामलाताई. तसेच छापून गेले असते.” मग म्हणाले, “बरं झालं, लिहिलं तुम्ही.”

शामलाताईंना हसू आलं.

पुढे सगळ्या संगणकांवर सारखंच दिसणारं युनिकोड आलं, जुने फॉन्ट गेले. प्रोग्राम कुणी वापरेना. तो संग्रहातून काढायची वेळ आली, तेव्हा शामलाताईंनी आधी रायपूरला फोन लावला.

“काढून टाका,” मधुभाऊ म्हणाले.

आता दोघंही निवृत्त आहेत. मधुभाऊंच्या घरी सुना-नातवंडं हिंदीतच बोलतात. म्हणून दर रविवारी त्यांचा फोन येतो. “काहीही बोला, पण मराठीत बोला,” म्हणतात. मग शामलाताई दाल बाजारातलं कुठलं दुकान बंद झालं, कुणाच्या घरी लग्न निघालं, ते सावकाश सांगत बसतात.