धाकटीला गोळा, थोरलीला सळई

गल्लीत थोरलीला सगळे फिटिंगवाली म्हणत. साठ वर्षं तिनं लोकांचे कपडे उसवले, आत घेतले, बाहेर सोडले. नवा कपडा क्वचितच शिवला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती मशीनवर बसली, कारण घरात एकीलाच शिकवणं शक्य होतं आणि ती एक म्हणजे धाकटी. धाकटीचे शाळेचे झगे थोरलीनंच शिवले. तेव्हा जे पोटात दुखायला लागलं, ते चौऱ्याहत्तराव्या वर्षीही थांबलं नव्हतं.

धाकटी शिक्षिका झाली, तिनं संसार केला आणि नवरा गेल्यावर ती थोरलीकडे राहायला आली. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत दोघींचं घर. गिऱ्हाइकं कपडे थोरलीच्या हातात द्यायची आणि गप्पा मारायची धाकटीशी.

आधी धाकटी पडली. न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडखळला, एवढंच. पण हाडं ठिसूळ झालेली, खुब्यातच मोडलं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून धातूचा गोळा बसवला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी वॉकर धरून चार पावलं चालली. आजूबाजूच्या खाटांवरून कौतुक झालं. थोरली खाटेच्या पायाशी उभी राहून तिच्या चादरीच्या घड्या घालत होती. हिचं मोडलं तरी कौतुकच, असं तिच्या मनात आलं.

पाच आठवड्यांनी दोऱ्यांचा डबा काढताना थोरली स्टुलावरून पडली. तेच हॉस्पिटल, त्याच डॉक्टरीणबाई. कळ डोळ्यांत पाणी आणत होती, तरी मनात कुठेतरी तिला बरं वाटलं. आता आपल्यालाही तसाच गोळा मिळेल.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हिला गोळा नाही, सळई घालायची, हाडाच्या पोकळीतून, आणि वर एक जाड स्क्रू.

"माझ्या बहिणीला नवा दिलात," थोरली म्हणाली.

"तिचं हाड खुब्यातल्या मूळच्या गोळ्याच्या मानेशी तुटलं होतं. तिथं गोळ्याला जाणारं रक्त तुटतं. तिच्या वयात तो जुळला नसता, म्हणून काढून टाकला. तुमचं त्याच्या खाली तुटलंय. तिथं रक्त भरपूर. आधार दिला की हाड आपलं आपण जुळेल."

"म्हणजे तिला नवं आणि मला रफू."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अशा ठिकाणी मोडल्यावर सांधा बदलणं जास्त मोठं काम, रक्तही जास्त जातं, आणि हाड इतकं विरलेलं असताना बसवलेलं टिकेलच असं नाही, हे त्यांनी नीट समजावलं. विरलेल्या कापडावर काय चालतं आणि काय नाही, हे फिटिंगवालीला कुणी शिकवायला नको होतं. तिला पटलं. पण पटलं म्हणून जळणं थांबतं थोडंच?

ऑपरेशन चांगलं झालं. तरी मांडी ठणकायची, पाय उचलताना जीव जायचा. घरी आली तेव्हा धाकटी काठीवर आलेली, आणि हिच्यापुढे वॉकर. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आल्या आल्या म्हणायची, मावशी बघा किती छान चालतात. मावशी म्हणजे धाकटी.

घरात उंच खुर्ची एकच होती. नव्या गोळ्याचा सांधा निसटू नये म्हणून तीन महिने खाली बसायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, असं धाकटीला बजावलेलं होतं. ते थोरलीसमोरच सांगितलं होतं.

त्या दुपारी दोन गिऱ्हाइकं आली आणि धाकटीच्या चालीचं गुणगान करून गेली. थोरलीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. गिऱ्हाइकं गेल्यावर थोरली म्हणाली, "ऊठ जरा. खुर्ची मला हवी. तू त्या स्टुलावर बस."

"ते बुटकं आहे गं, ताई."

"दोन मिनिटांनी काय होतंय?"

धाकटी मुकाट्यानं बसली. पुढे वाकून पडलेली काठी उचलायला गेली आणि बाजूला कलंडली. पाय आत वळलेला, आखूड दिसत होता.

हॉस्पिटलात भूल देऊन सांधा ओढून जागेवर बसवला. कापावं लागलं नाही. कसं झालं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कुणी काही बोलायच्या आत थोरलीनं सांगून टाकलं की तिला ठाऊक होतं, तरी तिनंच बसवलं. मग धाकटीच्या खाटेजवळ जाऊन पुन्हा तेच सांगितलं.

"मला कळलं होतं. स्टूल दाखवलंस तेव्हाच," धाकटी म्हणाली. "मी का बसले माहितीये? तुझ्या खुर्चीवर मी आयुष्यभर बसलेय."

तरी राग होताच. ती दोन महिने मुलाकडे राहायला गेली आणि एकदाही फोन केला नाही. थोरलीचं हाड जुळलं, पाय मात्र बोटभर आखूड राहिला. तिनं सुताराकडून दुसरी उंच खुर्ची करून घेतली आणि भाच्याला निरोप दिला. निरोप मिळाल्यावर चौथ्या दिवशी धाकटी परत आली.

हाडांची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. दोघी शेजारी शेजारी बसतात. मग धाकटी दूध आणायला निघते, सरळ, काठीशिवाय. थोरली खिडकीतून बघते.

"चाल अजून ऐटीत," ती मोठ्यानं म्हणते.

धाकटी ऐकते, आणि मुळीच हळू चालत नाही.