कागदावरचे नऊ टाके

रहिमतबी नदाफ यांना कुठलीही शिवलेली वस्तू दाखवा, त्या आधी ती उलटी करून बघतील. मी हौसेनं घेतलेली पर्स त्यांनी अशीच उलटी केली होती आणि म्हणाल्या होत्या, "वैनी, तोंड बरं हाय, पर पाठ फसवी हाय." तेव्हापासूनची आमची ओळख. त्याला आता अकरा वर्षं झाली.

साताऱ्यात सदर बझारच्या बाजूला त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. कुटुंब मूळचं म्हसवडचं. सिद्धनाथाच्या यात्रेत पाल ठोकून गाद्या-उशा विकायचे. रहिमतबी लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी दाभण हातात दिलं, ते अजून सुटलेलं नाही. मालक बादशहाभाई कापूस पिंजतात, खोळीत भरतात. टाके मात्र रहिमतबींचे. वीतभर अंतरावर एक टाका आणि प्रत्येकाची ओढ सारखी. टाका सैल पडला की आतला कापूस सरकतो, एका जागी त्याचा गोळा होतो आणि गिऱ्हाईक चार महिन्यांत दारात येऊन उभं राहतं. त्यांच्या हातची गादी परत आलेली मी तरी ऐकलेली नाही.

त्यांना दोन मुलं. थोरला तौसीफ चार वर्षांपूर्वी भिवंडीला फोमच्या गाद्यांच्या गोदामात कामाला लागला. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणाऱ्या नदाफाच्या पोरानं फोम विकावा, हे बादशहाभाईंना इतकं लागलं की बापलेकांचं बोलणंच बंद झालं. तौसीफ ईदलाही घरी आला नाही. धाकटी अर्शिया. ती सांगलीला राहून चित्रकला शिकली.

चित्रं बघायला मला तिनंच लावलं. चित्र म्हणजे रंग, एवढीच माझी समजूत होती. सुट्टीत आली की ती माझ्या ओट्याशी उभी राहून फोनवर एकेक चित्रकार दाखवायची. कुणी वर्षभर एकच भिंत पेन्सिलीनं काढतोय, कुणी कागदावर चहा सांडून त्या डागाभोवती रेघा ओढतंय, कुणी जुन्या पत्रांवर शिवण घालतंय. आधी मी हसायचे. मग दुपारची भांडी आवरली की मीच फोन घेऊन बसायला लागले. ही सगळी माणसं आज हयात आहेत, आत्ता या वेळी कुठंतरी तीही माझ्यासारखी चहाच घेत असतील, याचंच मला जास्त अप्रूप वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत सांगलीत तरुण चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. नुसती रेखाटनं आणि मिश्र माध्यमातली कामं. त्यातून तिघांना निवडून वर्षभरासाठी बंगळूरला पाठवणार होते. जागा, जेवण, सामान सगळं मिळणार. निवड करायला संयोगिताताई नावाच्या एक नावाजलेल्या चित्रकार येणार होत्या, आणि बंगळूरला त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं. वयाची अट पंचविशीच्या आतली आणि अर्शियाला जूनमध्ये पंचवीस पूर्ण होतात. शिवाय तिनं अब्बांना शब्द दिला होता, यंदा नाव लागलं नाही तर साताऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात नोकरी धरायची. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक जुळवायची नोकरी.

रहिमतबी म्हणाल्या, "वैनी, तुमी चला. मला त्यातलं काय कळतंय?"

पहाटेची एसटी धरून आम्ही निघालो आणि कराडला चहा घेऊन साडेनवाला सांगलीत उतरलो. अर्शिया पाहुण्यांना स्टेशनवरून विश्रामगृहावर पोचवायला तिच्या कॉलेजच्या सरांबरोबर गेली होती. पहारेकऱ्याला तिनं सांगून ठेवलं होतं, त्यानं आम्हाला सभागृहात सोडलं. आत कुणी नव्हतं. आम्ही दोघी आणि भिंतीभर चित्रं.

धैर्यशील नावाच्या मुलानं उसाच्या पाचटाच्या राखेनं मोठाच्या मोठा जळका फड काढला होता. रहिमतबींनी नाक जवळ नेलं. "वास हाय अजून," त्या म्हणाल्या. "ह्या पोराच्या आईनं ह्याची कापडं कशी धुतली आस्तील?"

पुढं शिवांजलीचं काम. तिनं आपल्या फौजी आजोबांच्या गुडघ्याच्या एक्स-रेवर हळदीच्या पाण्यानं आणि शाईनं बारीक रेघा काढल्या होत्या. गुडघ्यातून डोंगराच्या वाटा फुटाव्यात तशा. रहिमतबी त्यासमोर बराच वेळ थांबल्या.

"वैनी, हे आजोबा हाईत का गेले?"

"चिठ्ठीवर लिहिलंय, आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे."

"वाटलंच. गुडघा जित्ता दिसतोय."

मी इतकी वर्षं फोनवर बघत होते, पण असं वाक्य मला सुचलं नसतं.

मग अर्शियाचं चित्र आलं. पलंगाच्या चादरीएवढा जाड हातकागद, दोन पदरी, मध्ये कापूस भरलेला आणि वरून गादीसारखे टाके. पेन्सिलीनं झोपलेली माणसं काढलेली, छतातून खाली बघावं तशी. बादशहाभाई हात डोक्याखाली घेऊन. रहिमतबी कुशीवर. अर्शिया स्वतः पाय पोटाशी घेऊन. रेघ इतकी हलकी की ही माणसं बोललं तर जागी होतील.

रहिमतबींचा चेहरा आधी फुलला. मग त्या चित्राच्या कडेशी गेल्या, बिनकाचेची चौकट भिंतीपासून जराशी ओढून मागं डोकावल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आवं, हे बघा की. हिकडचं समदं सुटलंय."

खरंच, उजव्या कडेला एका रिकाम्या पांघरुणाच्या आकारावर नऊ टाके सैल होते आणि दोऱ्याची टोकं वीतभर लोंबत होती.

"टेंपोतनं आणताना निघाले असतील," मी म्हणाले. मनात एकदा आलं की हे मुद्दामही असेल, मी असं पाहिलेलं होतं. पण आल्या विचाराला मी बसायला जागा दिली नाही. चूक माझीही आहे ती.

"लोकं काय म्हंत्याल? नदाफाची पोरगी आन् टाका असला?" त्यांनी पिशवीतून दाभण काढलंच. "धरा हे टोक."

मी धरलं. दहा मिनिटांत नऊच्या नऊ टाके त्यांनी ओढून पक्के केले, गाठी मारल्या आणि उरलेली टोकं दातांनी तोडली. मागं सरकून बघितलं. "आता झोपा म्हणावं कुणालाबी."

अर्शिया आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. आम्हाला बघून हसली, चित्राकडं वळली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अम्मी, ये क्या किया?"

"सैल हुतं गं. कापूस गोळा झाला आस्ता."

"कोण झोपणार होतं त्याच्यावर?" ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "फ्रेममध्ये आहे ते! भाईची जागा होती ती. चार वर्षं रिकामी आहे, म्हणून सैल ठेवली होती. तेच तर चित्र होतं!"

रहिमतबींनी चित्राकडं पाहिलं. त्यांच्या घरात झोपायची जागा भिंतीपासून ठरलेली आहे. कडेची तौसीफची. अजूनही तिथं कुणी अंथरत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना तर होतंच. चित्रात मात्र त्यांना फक्त टाके दिसले होते.

"मग सांगायचं न्हाई का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"सगळं सांगायचं असतं का, अम्मी? बारा वाजता येताहेत त्या."

"काढते. आत्ता काढते."

"दोरे कुठायत? तोडलेस ना तू!"

तरीही त्या बसल्या. एकेक गाठ दाभणाच्या टोकानं उकलून दोरा ओढून काढला. नऊही. मग सवयीप्रमाणं भोकावरून अंगठ्याचं नख घासलं. कापडावर असं घासलं की धागे जवळ येतात, भोक मिटतं. इथं मिटेना. दुसऱ्यांदा घासलं. तिसऱ्यांदा.

"कापूड विसरतंय, वैनी," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "कागद न्हाई विसरत. लय हट्टी."

अर्शियानं पेन्सिल उचलली होती, काहीतरी झाकायला. ती तशीच हातात राहिली. खिडकीतलं ऊन बाजूनं येत होतं. टाके घट्ट ओढल्यामुळं तिथं कागद दबला होता, दोरे काढल्यावर खळगे तसेच उरले होते, आणि प्रत्येक खळग्यात दोन भोकं. नुकतंच कुणीतरी उठून गेलंय, अशी ती जागा दिसत होती.

अर्शिया तीन पावलं मागं गेली. मग पाच. मग पार दारापर्यंत.

"आणू का दोरा?" रहिमतबींनी विचारलं. "बाजार उघडला आसंल. रिक्षानं जाऊन येते."

"नको."

"आगं, पर..."

"अम्मी, थांब जरा. हात लावू नको."

आणि तिनं पेन्सिल कानामागं खोचली.

संयोगिताताई साडेबाराला आल्या. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. प्रत्येक चित्रापुढं त्या थांबत होत्या. अर्शियाच्या कामापुढं त्या उकिडव्या बसल्या आणि कडेच्या खळग्यांकडं बघत राहिल्या.

"इथं आधी टाके होते?"

"हो."

"मग काढलेस. कसं सुचलं?"

आता काय उत्तर येतं, याकडं माझे कान लागले. रहिमतबी तर खांबाआड सरकल्या होत्या. अर्शियानं एकदा तिकडं पाहिलं.

"मला नाही सुचलं," ती म्हणाली. "मी सैल सोडले होते. अम्मीला वाटलं, काम कच्चं राहिलंय. तिनं पक्के केले. मी ओरडले, मग तिनंच काढले. आज सकाळी. मला हे आधीपेक्षा खरं वाटलं, म्हणून ठेवलंय."

संयोगिताताई हसल्या नाहीत. "सैल दोरे मी पुष्कळ पाहिलेत," त्या म्हणाल्या. "हे असं ठेवलंस, ते तुझं काम." वहीत काहीतरी लिहून त्या पुढं गेल्या.

परतीच्या एसटीत पेठ नाक्याच्या पुढं रहिमतबी म्हणाल्या, "आजवर मी टाका काढला तो फकस्त चुकला म्हणून. आज मला कळंना, चुकलं कोण."

यादी आठ दिवसांनी आली. तीन नावांत तिसरं अर्शिया बादशहा नदाफ. मी पेढे घेऊन दुकानात गेले तर बादशहाभाई पिंजण यंत्र बंद करून फोनवर बोलत होते, चेहऱ्यावर कापसाचे तंतू. "आरं, बंगळूर म्हंजे लांब हाय. तू सोडायला येतोस का तिला?" असं विचारत होते. पलीकडं कोण, ते मी विचारलं नाही. रहिमतबींनी डोळ्यांनीच मला सांगितलं.

"अजून एक जागा रिकामी हुनार बघा," पेढा मोडत त्या म्हणाल्या. अर्धा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "हूं दे. जायाच पायजे तिनं."

मग दाभण गादीत खोचून माझ्या शेजारी बसल्या. "त्या बाईंची चित्रं हाईत म्हनं तुमच्या फोनात? माझी पोरगी कुणाच्या हाताखाली चाललीय, बघू तरी."

मी संयोगिताताईंचं एक रेखाटन उघडलं. पाण्यात बुडालेलं गाव, पेन्सिल आणि नदीचा गाळ. रहिमतबींनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. बाहेर कुणी तरी उशीचा भाव विचारत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"हिच्या रेघंला घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढचं दावा, वैनी."