वजाबाकीराव आणि तळघराची सोडत

टायपिस्टबाई तळघरात पहिल्यांदा उतरल्या, तेव्हा फायलींचा एक अख्खा डोंगर शिंकला. त्या शिंकेने दिवा हलला, धुळीचा ढग उठला, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी भूकंप समजून टेबलाखाली शिरलं आणि ढग बसल्यावर त्यातून आधी चष्मा, मग टक्कल आणि शेवटी एक अत्यंत सभ्य गृहस्थ बाहेर आले.

"नव्या का? पाच वर्षांत इथून सुटायची शक्यता शंभरात साठ. बसा."

हे वजाबाकीराव. कचेरीच्या तळघरातल्या सहा कारकुनांपैकी सगळ्यात जुने. तिथे छताला चिकटलेली एकच खिडकी होती आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. एकोणीस वर्षांत रावांना शहरातले सगळे बूट ओळखीचे झाले होते. त्यांची इच्छा एवढीच, की निवृत्तीआधी थोडे दिवस तरी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसावं आणि माणसं चेहऱ्यासकट पाहावीत.

त्यासाठी सोडत होती. वर्षातून एकदा हेडक्लार्कसाहेब डब्यातून एक चिठ्ठी काढत. जिचं नाव निघेल ती व्यक्ती वर जाई आणि तिच्या जागी नवं माणूस खाली येई.

"सुटायच्या वाटा मोजत बसू नका, बाई," राव समजावत. "पहिल्या वर्षी सुटाल, नाहीतर दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या, डोकं उठतं. न सुटायची वाट एकच. दर वर्षी सहांत पाच वेळा दुसऱ्याचं नाव. ते पाच वर्षं गुणत जा, शंभरात चाळीस येतात. शंभरातून वजा करा. उरेल ती तुमची सुटका."

माणूस घरीही तसाच. बायकोने विचारावं, "अहो, जेवायला किती येणारेत?" की हे न येणाऱ्यांची यादी करायला बसत.

"आणि तुमचं काय, राव?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस वर्षं न निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम तीन! इतकी दुर्मीळ वस्तू तळघरात ठेवणं बरं नव्हे. यंदा निघणारच."

सोडतीच्या दिवशी राव इस्त्रीचा सदरा घालून आले. साहेबांनी डबा हलवला, चिठ्ठी काढली आणि वाचली: टायपिस्टबाई! बाई आनंदाने अशा उठल्या की टेबलच हललं, डबा खाली पडला आणि उरलेल्या चिठ्ठ्या पसरल्या. त्यांनी त्या घाईने गोळा केल्या आणि मध्येच थांबल्या.

"राव, या चारच आहेत."

रावांनी मोजल्या. हातातल्या चार, साहेबांकडची एक. उलगडून पाहिल्या. पाच नावं होती. त्यांचं नव्हतं.

छताजवळच्या खिडकीबाहेरून दोन तपकिरी बूट सावकाश गेले.

"त्याचं असं आहे," साहेब घाम पुसत म्हणाले, "तुम्ही वर गेलात तर कुठली फाईल कुठे आहे हे सांगणार कोण? मोठ्या साहेबांनी मलाच कापून काढलं असतं. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी घालू."

"एकोणीस वर्षं?"

"वर्षं काय हो, भुर्रकन जातात."

"माझ्या जागी यांना पाठवा," बाई कडाडल्या.

"चिठ्ठीत नाव तुमचं आहे, बाई. नियम म्हणजे नियम!"

राव चिठ्ठ्यांकडे बघत बसले होते. न घडणारं सगळं त्यांनी मोजलं होतं. फक्त डब्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या नव्हत्या.

"म्हणजे सहांत पाच नव्हे, पाचांत पाच," ते हळूच म्हणाले. "शंभरातून शंभर गेले."

बाई हटेनात. अखेर साहेबांनी पुढच्या सोडतीसाठी रावांचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहिलं, खाली सही केली, सगळ्यांदेखत चिठ्ठी डब्यात टाकली आणि डब्याला कुलूप लावून किल्ली बाईंच्या हातात दिली.

सोडत बारा महिन्यांनी झाली. वजाबाकीराव अकराव्या महिन्यात निवृत्त झाले.