गाडीमास्तर आणि संगणकाचे गचके

गाडीमास्तरांनी उभ्या आयुष्यात गाडी कधी जोरात पळवली नाही. पळवणार तरी कशी? ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत. दिवसभर ते बसायचे शेजारच्या सीटवर आणि स्टिअरिंग असायचं कुणातरी घाबरलेल्या माणसाच्या हातात. मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच, तेवढीच काय ती त्यांची सत्ता. शिकणारा भर चौकात गाडी बंद पाडायचा, मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे आणि मास्तर छताकडे बघत शांतपणे म्हणायचे, "क्लच हळू सोडा. घाई कुणाला आहे? मला तर नाही."

घाई घरी असायची. संध्याकाळी आल्या आल्या मास्तर चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसत आणि शर्यतीचा एक जुनापुराणा गेम लावत. बर्फाळ डोंगर, नागमोडी रस्ता, बाजूला खोल दरी. तिथे मास्तरांना अडवणारा कुणी नव्हता. कुठलंही वळण असो, ते झोकात घ्यायचे आणि रोज पहिले यायचे.

"पहिला आलो गं!" ते बायकोला ओरडून सांगायचे.

"छान. आता हातपाय धुवा," काकू शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणायच्या.

त्या संगणकाचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा. एका रविवारी तो घरघरायचा थांबला, थोडा जळका वास आला आणि कारभार आटोपला. मास्तर दोन दिवस जेवणावर रागावल्यासारखे वागले. मग दुकानात जाऊन त्यांनी तिथला सगळ्यात दणकट संगणक आणला. काचेची पेटी, आत तीन पंखे, आणि पंख्यांना, कीबोर्डला, माऊसला, सगळ्याला रंग पालटणारे दिवे. खोलीत लग्नाचा मांडव घातल्यासारखं वाटायला लागलं. दुकानदार म्हणाला होता, "काका, तुमचा जुना गेम या मशीनला कळणारसुद्धा नाही, इतका हलका आहे."

मास्तरांनी गेम लावला. शर्यत सुरू झाली. गाडी निघाली आणि गचकन अडली. पुन्हा निघाली, पुन्हा अडली. पहिल्याच दिवशी क्लच सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात गाडी दिल्यासारखी ती उड्या मारत निघाली. मास्तरांचा डावा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला. तिथे टोपली होती. टोपली आडवी झाली.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"मशीन एक नंबर आहे, काका. गेम म्हातारा झालाय. नवीन घ्या."

"मी गाडी शिकवतो," मास्तर म्हणाले. "गचके बसले तर रस्ता बदला, असं मी कुणाला सांगत नाही." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी स्वतःच हात घातला. चित्राचा दर्जा कमी केला, तर गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागली, पण गचके तसेच. इंटरनेट काढलं, संगणक बंद-चालू केला, शेवटी नव्याकोऱ्या पेटीवरची नसलेली धूळ पुसली. काही उपयोग झाला नाही, तेव्हा नाइलाजाने त्यांनी 'खांबा'ला फोन केला.

खांब म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी. शिकत असताना तिने एकाच खांबाला दोनदा धडक दिली होती, दुसऱ्यांदा तर रिव्हर्समध्ये. तिला लायसन्स मिळालं तेव्हा मास्तरांनी फक्त पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आता ती एका कचेरीतले संगणक सांभाळायची. सुट्टीच्या सकाळी ती बॅग घेऊन हजर झाली.

"सर, उठा, मी बसते."

"मीच बसतो. तू शेजारी बस आणि सांग."

ती शेजारी बसली. "हां, तिथे क्लिक करा. तिथे नाही, वर. हळू. सर, केवढी घाई! आता माऊस सोडा. सोडा म्हणते ना!"

"कळलं का आता कसं वाटतं ते?" कोपऱ्यातून काकू म्हणाल्या.

पहिली शंका तिला मशीनच्या वेगाची आली. जुना गेम सेकंदाला मोजकी चित्रं काढायच्या बेताने बनवलेला, आणि हे मशीन त्याच्याकडून शेकड्यांनी काढून घेत होतं. बिचाऱ्याची दमछाक होत असणार. तिने चित्रांवर मर्यादा घातली. गचके थोडे कमी झाले, पण गेले नाहीत. मग ती म्हणाली, "या मशीनच्या प्रोसेसरला आठ डोकी आहेत. गेमला एकाशीच बोलायची सवय असेल." तिने एकच डोकं नेमून दिलं. गाडी आता इतकी अडखळली की मास्तरांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसलं.

"खांब," ते पुटपुटले.

"सर, अजून तेच नाव?" ती फणकारली आणि केलेलं परत फिरवलं.

"मी काही बोलू का?" काकू म्हणाल्या. "दिव्यांचा रंग पालटला की गाडी अडते."

दोघांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं दवाखान्यात डॉक्टर रोग्यासोबत आलेल्या नातेवाइकाकडे बघतात. तेवढ्यात निळ्याचा जांभळा झाला. गचका. जांभळ्याचा गुलाबी. गचका.

"अय्या!" खांब म्हणाली.

दिव्यांसाठी दुकानदाराने एक वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला होता. प्रत्येक रंगाला तो माऊस, कीबोर्ड, पंखे, सगळ्यांची हजेरी घ्यायचा, आणि हजेरी संपेपर्यंत जुना गेम हात बांधून उभा राहायचा. तिने प्रोग्रॅम बंद केला. खोलीतला मांडव विझला.

"अरेरे, मला आवडायचे हो ते," काकू म्हणाल्या.

"गेम चालू नसेल तेव्हा लावा, काकू."

शर्यत सुरू झाली. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी निघाली. मास्तरांनी बोटं मोडली, "आता बघ" म्हणाले, आणि पहिल्याच वळणावर थेट दरीत गेले. पुन्हा सुरू केली, तर कड्यावर आपटले. तिसऱ्यांदा कुंपण तोडून प्रेक्षकांत घुसले.

"हा जास्त जोरात पळतोय! तुझंच काहीतरी चुकलंय."

खांबाने गेममधलं घड्याळ आपल्या मोबाइलशी लावून बघितलं. सेकंदाला सेकंद जुळत होता. तिने जरा विचार केला.

"सर, जुन्या संगणकावर शर्यत संपायला किती वेळ लागायचा?"

"चहा पिऊन व्हायचा. कधी कधी दुसरा कपही."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग फार सांभाळून बोलली, "जुन्या मशीनला तो गेम झेपत नव्हता, सर. म्हणून तो स्वतःच संथ व्हायचा. रस्ता, बाकीच्या गाड्या, घड्याळ, सगळंच. तुम्ही पहिले यायचात हे खरंच आहे. फक्त सगळेच जरा... चालत यायचे."

काकूंची पेन्सिल थांबली. त्यांनी हसू दाबायचा मनापासून प्रयत्न केला, पण खांद्यांनी घात केला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मास्तर हसले नाहीत. ते पडद्यावरच्या उलट्या पडलेल्या गाडीकडे बघत राहिले. तिची चाकं अजून फिरत होती.

"पूर्वीसारखं संथ करून देऊ का?" खांबाने हळूच विचारलं. "करता येतं."

मास्तरांचा हात माऊसवर होता. मोह त्यांना झाला, तो चेहऱ्यावर दिसला. पहिला नंबर ही काही सोडून द्यायची गोष्ट नव्हती.

"नको," शेवटी ते म्हणाले. "शिकेन."

त्या दिवसापासून मास्तर रोज शेवटचे येऊ लागले. पण मोठ्या नेमाने. काकू संगणकाचे रंगीत दिवे लावायला त्यांच्या मागे उभ्या राहायच्या आणि ते दरीतून म्हणायचे, "थांब गं, एकच वळण." सोपे रस्ते झाले, मग पावसाचे, मग बर्फाचे. वळणाआधी वेग कमी करावा लागतो, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. आता ते स्वतःला ऐकवायचे, आणि स्वतः अजिबात ऐकायचे नाहीत.

काही महिन्यांनी कचेरीच्या ऐन कामाच्या वेळी खांबाचा फोन वाजला.

"सातवा आलो!" मास्तर जवळजवळ किंचाळले.

"वा, सर! कितीजणांत?"

"आठ."

"अभिनंदन, सर."

"आणि ऐक, आठवा दरीत गेला. मी नाही."