हजरराव होते कुठे?

कोर्टाच्या आवारात त्याला सगळे हजरराव म्हणायचे. कुणी कुणाचं डोकं फोडो नाहीतर दुकान फोडो, ज्याच्यावर आळ यायचा तो त्या वेळी नेमका हजररावासमोर बसून पत्ते पिसत असायचा. एकच माणूस एका वेळी दोन ठिकाणी असेल कसा? मग गुन्हा केला दुसऱ्याच कुणीतरी. हजरराव धुतलेला सदरा घालून पिंजऱ्यात उभा राहायचा, शपथ घ्यायचा, सांगायचं ते सांगायचा आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या खर्चाने पोटभर जेवायचा. वर मिजास अशी, की जणू कोर्ट ह्याच्याच जिवावर चाललंय!

त्याची हातोटी एकच. सगळं बनवून सांगायचं नाही. एखादी खरोखरची पत्त्यांची संध्याकाळ उचलायची आणि हव्या त्या तारखेला नेऊन ठेवायची. कोण हरलं, कुणी डाव उधळला, चहा कुणी सांडला, सगळं खरं. नुसती तारीख खोटी. सरकारी वकिलांनी प्रश्न विचारून विचारून घसा कोरडा करून घेतला तरी ह्याचा पाय घसरायचा नाही.

त्याची एकुलती एक मुलगी पलीकडच्या वस्तीत नवऱ्याबरोबर लाँड्री चालवायची. बापाचं नाव निघालं की ती इस्त्री जरा जोरातच आपटायची. तिच्या लग्नात हे महाशय उगवले ते जेवणं उरकल्यावर, कारण सकाळी कुणाची तरी तारीख होती! सगळ्या गावाच्या चोरांसाठी हजर, पोटच्या पोरीसाठी मात्र गैरहजर. असला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा, असं ती सासूसमोरसुद्धा बोलून दाखवायची.

आणि अशा माणसाला एक दिवस पोलिसांनी उचललं. काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी विजेच्या सामानाचं एक दुकान फुटलं होतं आणि कुणीतरी ह्याला तिथे पाहिल्याचं सांगितलं होतं. चौकीत दोन शिव्या ऐकल्याबरोबर हजररावसाहेबांची बोबडी वळली आणि घाबरून तोंडातून खरं निघून गेलं, "मी मुलीकडे होतो हो!" पोलीस लाँड्रीत आले. मुलीने सांगितलं, "हो, होते. लाँड्री बंद करेपर्यंत इथेच होते."

इथवर ठीक होतं. पण हजररावाचा वकील भेटायला आला आणि त्याने कपाळावर हात मारला. त्याच संध्याकाळी एका दांडगटाने वखारीच्या पहारेकऱ्याचं डोकं फोडलं होतं आणि 'तो माझ्याबरोबर पत्ते खेळत होता' असं हजररावाने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. त्या साक्षीवर तो दांडगट सुटलाही होता. आता मुलीकडे होतो म्हणावं, तर खोट्या शपथेचा खटला गळ्यात. पत्ते खेळत होतो म्हणावं, तर मुलीचा जबाब आडवा. मग काय, जामिनावर सुटताच स्वारी लाँड्रीत हजर.

"तुझी तारीख चुकली म्हणून सांग," तो म्हणाला. "मी आदल्या आठवड्यात आलो होतो असं म्हण. एवढंच."

"पण बाबा, तुम्ही त्याच दिवशी आला होतात."

"अगं, ते मला ठाऊक आहे! कोर्टाला कशाला सांगायचं? माझी पत्त्यांची साक्ष कोर्टाने एकदा मानलीय. ती पक्की आहे. तुझं कोण मानणार? मुलगी बापाची बाजू घेणारच. पत्ते खोटे ठरले आणि तुझ्यावरही विश्वास बसला नाही, तर मी सरळ आत!"

तिला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी तो गाठोड्यावर बसून तिला चादरींच्या घड्या घालायला मदत करत होता, नातवाला मांडीवर घेऊन पेंगत होता. त्या आनंदात तिने एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला होता. वेडी कुठली!

"बाबा, तुम्ही आला कशाला होतात त्या दिवशी?"

"समोरच्या गल्लीत एकजण भेटणार होता. तो उशिरा येणार, मग तोवर रस्त्यात कुठे उभा राहू?"

तिला अंगावर कुणी थुंकल्यासारखं झालं. असल्या माणसासाठी ती गेले कित्येक महिने मनातल्या मनात हुरळत होती! एक संध्याकाळ दिली ह्याने, तीही वेळ काढायला, आणि आता तीच परत मागायला आला होता.

खटल्यात हजररावाने पत्त्यांचीच गोष्ट लावून धरली, आणि तिला सरकारी वकिलांनीच बोलावलं. पत्त्यांची गोष्ट खोटी पाडायला त्यांना ती हवी होती. तिने होतं ते सांगितलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून बाप डोळे वटारून बघत होता. मग त्याचा वकील उठला.

"इतके महिने झाले, बाई. वडील तुमच्याकडे अधूनमधून येत असतील. तारखेत गल्लत झाली असेल, नाही का?"

"नाही."

"इतकी खात्री कशी?"

"लग्न झाल्यापासून अटक होईपर्यंत ते माझ्याकडे एकदाच आलेत," ती म्हणाली. "गल्लत व्हायला दुसरा दिवसच नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं. पदराने तोंड पुसून ती उभी राहिली.

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. सरकारी वकिलांना तिचं अर्धंच हवं होतं, तो पत्ते खेळत नव्हता एवढंच, पण न्यायाधीशांना सगळंच पटलं. चोरीतून हजरराव सुटला. खोट्या शपथेचा खटला व्हायचा तो होणारच होता.

बाहेर जिन्यात त्याने तिला गाठलं. आता शिव्या घालणार म्हणून ती तयारच होती. पण त्याचा चेहरा तर फुलला होता.

"शाबास गं पोरी!" तो तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "सगळं कोर्ट गार केलंस! इतकी वर्षं साक्षी देतोय, पण मला असलं कधी जमलं नाही. ते 'एकदाच आलेत', आणि वर ते रडणं… कसं सुचलं गं तुला?"